जुन्या रायफलीचा दस्ता : पॉलिश पेपर आधी बाजूला ठेवा

आजोबांची .३१५ रायफल दोन पावसाळे घराबाहेर होती. ते गेल्यावर परवाना वडिलांच्या नावावर होईपर्यंत ती जमा करावी लागली. परत आली तेव्हा दस्त्यावर, म्हणजे तिच्या लाकडी भागावर, बुरशीचे पांढरे ठिपके होते, मुठीपाशी काळा चिकट थर होता आणि डाव्या अंगाला अंगठा बसेल एवढा खळगा पडला होता. वडील म्हणाले, "सुताराला दे, घासून पॉलिश मारून देईल दोन दिवसांत." मी म्हटलं, "दादा, मला तीन महिने द्या." त्यांनी दिले. पुढे ओळखीतल्या आणखी काही जुन्या बंदुकांची लाकडं माझ्या हाताखालून गेली. त्या सगळ्यावरून एक गोष्ट मला पक्की पटली आहे: जुना दस्ता बिघडतो तो बहुतेक वेळा वयाने नाही, हौसेने घासल्याने. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मी लिहितो आहे, म्हणून काय करायचं याच्या बरोबरीने काय करायचं नाही हेही सांगेन.

लाकडाला हात लावण्याआधी

आपल्याकडे शस्त्राची दुरुस्ती हेसुद्धा परवान्याचं काम आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्यामुळे माझा मार्ग सरळ आहे: ज्यांच्या नावावर परवाना आहे त्यांनी स्वतः रायफल परवानाधारक बंदूक-मिस्त्रीकडे न्यायची, आपल्यासमोर ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यायची आणि लाकूड सोडवून घ्यायचं. लोखंड परवानाधारकाच्या ताब्यात, कुलपात. माझ्या टेबलावर येतं ते फक्त लाकूड. काम झालं की पुन्हा मिस्त्रीकडूनच जोडून घ्यायचं. यात दोन फेऱ्या पडतात, पण कुणालाही काही समजावत बसावं लागत नाही.

मिस्त्रीकडे जाण्याचं दुसरं कारण तांत्रिक आहे. .३१५ ची घडण ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीवरून आलेली. लष्करी .३०३ काडतूस साध्या लोकांच्या हाती नको, म्हणून इंग्रजांच्या काळात हा वेगळा बोअर (नळीचं माप) आला आणि कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात त्याच साच्याच्या रायफली बनत राहिल्या. .३०३ आजही सामान्य परवान्यावर मिळत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांपैकी कुणाकडे तिथल्या कायद्यानुसार ईशापूरची .३०३ असेल, तर दस्त्याला धरून असलेल्या लोखंडी पट्ट्याच्या उजव्या अंगावर कारखान्याची खूण आणि साल कोरलेलं सापडेल. लाकडाचे नियम दोघींनाही सारखेच.

तर एनफिल्डचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, खांद्याचा मागचा आणि नळीखालचा पुढचा. मागचा दस्ता एका लांब बोल्टने आवळलेला असतो. बटप्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीच्या, भोकातून लांब पेचकस घातला की तो लागतो. एनफिल्डच्या जुन्या मार्क-३ घडणीत या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या दस्त्यातल्या एका छोट्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो बोल्ट फिरवला, तर ती पट्टी फिरते आणि पुढचा दस्ता मागच्या टोकाला उभा फाटतो. शंभर वर्षं टिकलेलं लाकूड अर्ध्या मिनिटात असं फाटलेलं मी पाहिलं आहे. आधी पुढचं, मग मागचं, हा क्रम माहीत असलेल्या माणसाकडेच जा.

ईशापूरच्या लष्करी रायफलींत पुढच्या दस्त्यातून आरपार गेलेला एक आडवा स्क्रू बऱ्याचदा दिसतो. कुणी गावठी जोडकाम केलंय असं समजून तो काढू नका. लाकूड फाटू नये म्हणून कारखान्यानेच तो घातलेला आहे.

लाकूड बघायला एक संध्याकाळ द्या

नुसतं बघायचं. खिडकीपाशी तिरप्या उजेडात दस्ता धरला की कुठे खळगा, कुठे कापल्याची चीर, कुठे भेग ते वेगवेगळं कळतं. कागदावर दस्त्याचं चित्र काढून खुणा करा. मोबाईलवर फोटो काढाच, पण चित्र काढताना डोळा जे पकडतो ते फोटोत सुटतं.

चांगल्या जुन्या दस्त्याचं लाकूड बहुधा अक्रोडाचं असतं. काश्मीरचं कोरीवकाम ज्यावर चालतं तेच. वजनाला बेताचं, धक्का सोसणारं आणि हवेतल्या ओलीने फारसं फुगत-आकसत नाही, म्हणून बंदूकवाल्यांनी जगभर ते पसंत केलं. युद्धकाळात अक्रोड पुरेनासं झालं तेव्हा इंग्लंडात बीच आणि बर्च ही लाकडंही लावली. ती फिकट असतात आणि रेषा बारीक. तुमचा दस्ता फिकट निघाला तर त्याला अक्रोडासारखा काळपट करण्याच्या मागे लागू नका. तो तसाच जन्मलेला आहे.

मग शिक्के शोधा. लाकडावर तपासनिसांचे छोटे ठसे असतात, पुढच्या दस्त्याच्या आतल्या बाजूला बऱ्याचदा रायफलीचा क्रमांक असतो, काहींच्या मागच्या दस्त्यात पितळी चकती असते. ही त्या बंदुकीची कुंडली. एकदा घासली गेली की पुन्हा मिळत नाही. शिक्क्यांवर मी कागदी चिकटपट्टी लावून ठेवतो, म्हणजे कामाच्या तंद्रीत हात तिकडे जात नाही.

आता आधीचा लेप कोणता ते पाहायचं. बटप्लेटखालच्या झाकल्या जागी कापसाने थोडं स्पिरिट लावा. चिकट होऊन तपकिरी उतरलं तर ते चपड्या लाखेचं पॉलिश. स्पिरिटने हललं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही आणि लाकूड आतून ओलसर-गडद दिसत राहिलं तर तेलाचा दस्ता, आणि लष्करी घडणीच्या रायफलींत बहुतेक वेळा हाच असतो.

मळ काढणं

साठ-सत्तर वर्षांचा घाम, नळीचं तेल, चुलीचा धूर, धूळ असं सगळं त्या काळ्या थरात बसलेलं असतं. लोक त्याला लाकडाचाच रंग समजतात.

टर्पेंटाइन आणि सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टील वूल घ्या. दार-खिडक्या उघडा, हातमोजे घाला. तळहाताएवढी जागा भिजवायची, रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायचं आणि मळ पुन्हा सुकायच्या आत जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसून घ्यायचा. जोर लावायचा नाही. पहिल्यांदा काळं पाणी येईल, दुसऱ्यांदा चहासारखं, तिसऱ्यांदा फिकट. तिथे थांबायचं. टर्पेंटाइन मळ आणि मेणचटपणा काढतं, पण लाकडात मुरून कडक झालेल्या जुन्या तेलाला फारसं हात लावत नाही. त्या जुन्या तेलाचा खोल तांबूस रंग हीच दस्त्याची कमाई आहे. लाखेचं किंवा लॅकरचं कवच असेल तर ते मात्र स्पिरिट किंवा थिनरने पूर्ण उतरवा, कारण त्यावर तेल मुरणार नाही.

मुठीजवळ आणि लोखंड बसतं त्या खाचांत नळीचं तेल फार खोल गेलेलं असतं. रायफल वर्षानुवर्षं नळी वर करून भिंतीला टेकवलेली, आणि प्रत्येक वेळी तेल सढळ हाताने सोडलेलं. ते ओघळून लाकडातच जाणार. तेल पिऊन लाकूड तिथे काळं आणि मऊ पडतं. त्यावर रंगाच्या दुकानात मिळणारी चॉक पावडर कामाला येते. ती स्पिरिटमध्ये लापशीसारखी कालवून जाड लिंपायची आणि कोवळ्या उन्हात ठेवायची. सुकता सुकता ती तेल ओढून घेते आणि पिवळी पडते. ब्रशने झाडा, पुन्हा लावा. आजोबांच्या दस्त्याला मी हे सहा वेळा केलं तेव्हा पावडर पांढरी राहिली. दुपारच्या कडक उन्हात ठेवण्याची घाई करू नका, टोकांना बारीक भेगा जातात.

कॉस्टिक सोडा, भांडी-ओव्हनचे जहाल क्लीनर, गरम पाण्याच्या बादलीत बुडवणं यातलं काहीही नको. सोडा मळाबरोबर लाकडाचा जीवही काढतो. वरचा थर पिंजारल्यासारखा होतो आणि रंग मेल्यासारखा करडा पडतो.

खळगे : इस्त्रीची कमाल

हा या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. आपटल्याने जो खळगा पडतो तिथलं लाकूड गेलेलं नसतं, नुसतं दबलेलं असतं. ओल आणि उष्णता मिळाली की ते धागे पुन्हा फुगून वर येतात.

सुती फडकं भिजवून घट्ट पिळा, दोन पदरी घडी करून खळग्यावर ठेवा आणि कडक तापलेल्या इस्त्रीचं टोक त्यावर तीन-चार सेकंद टेकवा. चर्र आवाज आणि वाफ. उचला, बघा, पुन्हा. फडकं कोरडं पडू देऊ नका, नाहीतर लाकूड करपेल. पाच-सहा वेळांत लहान खळगा जवळजवळ सपाट होतो. आजोबांच्या दस्त्यावरच्या अंगठ्याएवढ्या खळग्याला अर्धा तास लागला, आणि आता तिथे बोट फिरवलं तर फक्त मला कळतं.

धारदार वस्तूने धागे तुटलेले असतील तर वाफेने ती चीर भरणार नाही. ती तशीच ठेवावी असं माझं मत आहे. शिक्क्यांवर आणि पकडीसाठी कोरलेल्या जाळीवर वाफ देऊ नका, कारण ठसा म्हणजेसुद्धा दाबलेलं लाकूड. तोही फुगून पुसट होईल.

भेग असेल तर आधी ठरवा ती कुठे आहे. मुठीच्या बारीक भागात किंवा लोखंड टेकतं त्या मागच्या टोकाला असेल, तर गोळीचा सगळा धक्का तिथेच येतो. ते काम मिस्त्रीचं. इतर ठिकाणची केसासारखी भेग घरी बुजवता येते. आधी चॉक-स्पिरिटने तिच्यातलं तेल काढा, कारण तेलकट लाकूड कुठलाच गोंद धरत नाही. मग दोन भागांचा इपॉक्सी किंचित कोमट करून भेगेत उतरवा, लाकूड हलकेच उघडबंद करून आत खेचू द्या, वर आलेला लगेच स्पिरिटने पुसा. आवळायला सायकलची जुनी ट्यूब पट्ट्या कापून गुंडाळा. गोल-तिरप्या आकारावर कुठलाही शिकंजा इतका सारखा दाब देत नाही. चोवीस तास हात लावायचा नाही.

पॉलिश पेपर, नाइलाजाने

एवढं झाल्यावर बहुतेक दस्त्यांना घासायची गरजच उरत नाही. तरी कुणीतरी आधीच व्हार्निश थापून, ओरखडे काढून ठेवलेलं असेल तर घासावं लागतं. मग २२० पासून सुरू करून ३२०, शेवटी ४००. पेपर बोटांत न धरता रबराच्या किंवा बुचाच्या ठोकळ्याला गुंडाळा, कारण बोटांनी घासलं की मऊ भाग जास्त झिजतो आणि पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. नेहमी रेषांच्या दिशेने.

लाकूड जिथे लोखंडाला भिडतं, तिथे अजिबात नाही. नव्या बंदुकीत लाकूड लोखंडापेक्षा किंचित वर असतं. घासून ते खाली गेलं की कडा गोल होतात, फट दिसते आणि ती भरून काढायला कुठलाच उपाय नाही. ओळखीच्या एकांनी वडिलांची बंदूक सुताराकडून 'नवी कोरी' करून आणली होती. गुळगुळीत होती, चमकत होती. शिक्का एकही उरला नव्हता आणि बटप्लेट लाकडाच्या बाहेर नखभर डोकावत होती. ते ती पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघत होते आणि काय हरवलंय ते त्यांना सांगता येत नव्हतं.

घासलं असो वा नुसती वाफ दिली असो, तेलाआधी एक पायरी सगळ्यांनी करायची. ओल्या फडक्याने दस्ता पुसा आणि सुकू द्या. बारीक कुसं उभी राहतील, हाताला खरखर लागेल. ४०० च्या घासलेल्या जुन्या तुकड्याने ती फक्त उतरवा. दोन-तीनदा केलं की कुसं यायची थांबतात. हे राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात दस्ता खरखरीत होईल.

तेल : कोणतं आणि किती

लहानपणी नव्या बॅटला जवसाचं तेल लावून ती कपाटाआड आडवी ठेवली नाही असा मुलगा आपल्याकडे विरळा. दस्त्याचं तेलही तेच. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट, लवचिक पापुद्र्यात बदलतं. हा गुण सगळ्या तेलांत नसतो. आमच्या भागात बंदुकीच्या दस्त्याला खोबरेल चोळायची पद्धत आहे, काही घरांत शेंगदाण्याचं. लावल्या दिवशी लाकूड खुलतं, पण ही तेलं कधीच सुकत नाहीत. धूळ धरतात, हाताला चिकटतात, खवट होतात. मुठीवरच्या त्या काळ्या थरात निम्मा वाटा खोबरेलाचा असतो.

घाण्यावरचं कच्चं जवस तेल चालतं, पण एकेक हात सुकायला कित्येक दिवस घेतं. रंगाच्या दुकानात 'डबल बॉईल्ड' म्हणून मिळणारं, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते लवकर सुकतं. त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून हातमोजे घाला आणि ते तेल स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. नवशिक्याने हेच घ्यावं. एका दस्त्याला शंभर मिलीसुद्धा लागत नाही.

इंग्लंडचे बंदूक बनवणारे दस्त्याच्या तेलाला लालसर झाक देण्यासाठी अल्कानेट नावाच्या मुळ्या त्यात मुरवत असत. आपल्याकडे त्याच कुळातली रतनजोत काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून ती रोगनजोशच्या तर्रीलाही घालतात. चमचाभर मुळ्या कच्च्या जवस तेलात आठवडाभर भिजवून गाळून घ्या आणि फक्त पहिल्या एक-दोन हातांना वापरा. फिकट डाग पडलेल्या अक्रोडाला याने सुंदर रंग येतो. बाजारातले तयार स्टेन मी वापरत नाही, ते रेषा झाकतात.

पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. फडक्याने सगळीकडे लावा, आतल्या खाचा आणि बटप्लेटखालचं टोकही. टोकाचं लाकूड अधाशासारखं पितं, तिथे पुन्हा पुन्हा द्या. आतली बाजू कोरडी सोडली तर ओल तिथून शिरते, पुढचा दस्ता वाकतो, नळीवर दाब येतो आणि नेम सरकतो. वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं, अगदी सगळं पुसून घ्या.

दुसऱ्या हातापासून नुसतं तेल, आणि तेही थेंबांनी मोजून. तळहातावर चार-पाच थेंब घ्यायचे आणि घोटायचं, हात गरम वाटेपर्यंत. त्या उबेने तेल पातळ होऊन आत जातं. मग पुसायचं. पुसल्यावर दस्ता जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे. दोन हातांमध्ये उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन-चार. बोट टेकवून चिकट लागलं तर थांबा. त्यावर पुढचा हात दिला तर खालचा थर कायमचा चिकट राहील. तसं झालंच तर टर्पेंटाइनने पुसून मागे या, नुकसान होत नाही. बंदूकवाल्यांचा जुना हिशेब आहे: आठवडाभर रोज, महिनाभर आठवड्याला, वर्षभर महिन्याला आणि नंतर वर्षाला एकदा. मी आठ-दहा हातांवर थांबतो. तेवढ्यात काचेसारखी नाही, पण वापरातल्या जुन्या पितळेसारखी मंद चमक येते.

आता एक इशारा, आणि हा कृपा करून हलक्याने घेऊ नका. जवस तेल सुकताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतली उष्णता कोंडते आणि काही तासांत ती आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही. प्रत्येक वेळी फडकं तारेवर एकपदरी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. हात कितीही थकले असले तरी हे झाल्याशिवाय घरात जायचं नाही.

शेवटचा हात मेणाचा

जवसाचा लेप पाण्याचे थेंब थोडा वेळ अडवतो, पण हवेतली ओल पूर्ण रोखत नाही. म्हणून तेल नीट सुकल्यावर, म्हणजे शेवटच्या हातानंतर निदान दोन आठवड्यांनी, मधमाशीचं मेण. मेण किसून डबीत घाला, ती डबी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. मग पातेलं शेगडीपासून दूर, शक्यतो अंगणात नेऊन त्यात तेवढंच टर्पेंटाइन ढवळा. ज्योतीजवळ टर्पेंटाइन कधीच नाही. गार झाल्यावर लोण्यासारखं होतं. अगदी पातळ चोळा, तासाभराने लोकरीच्या कापडाने घोटा.

जोडणी मिस्त्रीकडे. त्यांना सांगा की स्क्रू बसण्यापूर्वी लाकूड आपल्या जागी न दाबता बसतंय का ते बघा. तेलाचा जाड थर खाचेत साचला असेल तर तो अडतो. जोडून झाल्यावर नेम पुन्हा तपासल्याशिवाय रायफल कामाला घेऊ नका.

पावसाळ्यात ती चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या आवरणात घालून ठेवू नका, ओल आत कोंडते. कुलूपबंद कपाटात, हवा खेळेल अशी, आणि नळीला तेल दिलेलं असेल त्या रात्री नळी खाली करून, म्हणजे जास्तीचं तेल मुठीत उतरणार नाही. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजनासाठी रायफल बाहेर काढतात तेव्हाच दस्त्याचा वर्षाचा तेलाचा हात होतो. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी असते. वडील आता स्वतःच तळहातावर थेंब घेतात.